समोर बसल्याशिवाय अभ्यास न करणारा नववीतला मुलगा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा नववीत, सेमी इंग्रजीला. घोडबंदर रोडवर राहता. कुणीतरी समोर बसल्याशिवाय पुस्तक उघडत नाही. क्लासच्या नोट्स घडाघडा म्हणून दाखवतो, गणितात नुसते आकडे बदलले तर चालतं, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की पेन खाली ठेवतो. मोबाईल काढून घेऊन झाला, ऐंशी टक्क्यांना सायकल कबूल करून झाली, शेजारच्या मुलीचे मार्क ऐकवून झाले. आता त्याने स्वतःहून अभ्यासाला बसावं आणि स्वतःच्या डोक्याने विचार करावा, यासाठी काय करता येईल असं तुम्ही विचारलंय.

मी ठाण्यात बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना गणित-विज्ञान शिकवते. आधी शाळेत शिकवत होते, आता घरीच लहान लहान गट घेते. दर जूनमध्ये हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक गुंता सोडवू. अभ्यासाला बसणं ही एक गोष्ट आणि स्वतः विचार करणं ही दुसरी. आपण दोन्ही एका दमात मागतो, पण आपल्या शाळेत त्या बऱ्याचदा एकमेकींच्या आड येतात. दहावीची रचना बघा. विज्ञानाचे दोन पेपर ४०-४० गुणांचे, वर २० अंतर्गत. गणिताचंही तेच. पास व्हायला ३५, त्यात बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे टक्केवारीला सगळ्यात चांगले पाचच विषय धरतात. स्वाध्याय, सरावसंच आणि मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका ज्याने नीट घोटल्या त्याला चांगले मार्क पडतात, यात शंका नाही. मग चौदा वर्षांच्या मुलाने काय निष्कर्ष काढावा? विचार करायला वेळ लागतो, त्यात चुकायची भीती, आणि मार्क तर पाठ केलं तरी तेवढेच. तुमचा मुलगा नोट्स पाठ करतो तो हिशोब करून करतो. त्याला आळशी म्हणण्याआधी एवढं त्याच्या बाजूने धरा.

हा हिशोब चुकतो तो अकरावीत. तिथे पुस्तक जाडजूड होतं, प्रवेश परीक्षांमध्ये तोच प्रश्न तसाच्या तसा येत नाही, आणि दहावीला नव्वदच्या वर असलेली मुलं पहिल्या युनिट टेस्टचा पेपर घरी दाखवत नाहीत. म्हणून ही तयारी करायला नववी चांगली. दहावीत कुणाला धीर नसतो, ना घरच्यांना ना शाळेला. आठवीपर्यंत मुलाला स्वतःलाच फारसं काही वाटत नसतं. नववीत मात्र वर्षभर थोडी मोकळीक असते. चुकून बघायला जागा असते.

आता, मी तुमच्या मुलाला पाहिलेलं नाही. त्यामुळे पुढचं सगळं "जर असं असेल तर" या अटीवर घ्या. अभ्यास टाळणारी मुलं वरून सारखी दिसतात, आत कारणं वेगवेगळी असतात.

सगळ्यात जास्त भेटणारं कारण म्हणजे जमत नाही. मूल मात्र "जमत नाही" असं कधी म्हणत नाही. ते म्हणतं, "बोअर होतं." कंटाळा येतो म्हणण्यात इज्जत शाबूत राहते, येत नाही म्हणण्यात जाते. मी असं मूल लांबून ओळखते. वहीला समास आखायला पाच मिनिटं, पेन्सिलला टोक काढायला दोन, मग तहान लागते. तारीख, वार, प्रकरणाचं नाव, सगळं सुबक अक्षरात. पहिलं गणित फळ्यावरून उतरवतं आणि शेजाऱ्याच्या वहीकडे बघत थांबतं. नववीच्या दोन चलांतील रेषीय समीकरणांत अडलेल्या मुलाला एक्स आणि वायचं काही वाटत नसतं. तो अडलेला असतो उणे तीनमधून उणे सात वजा करताना, म्हणजे सहावी-सातवीत.

म्हणून पहिलं काम: एका शांत रविवारी त्याला पाच साधी गणितं द्या. तीन छेद चारमधून दोन छेद पाच वजा कर. उणे तीन वजा उणे सात. ८४० चे पंधरा टक्के. एका दुकानात अडीच किलो साखर ११० रुपयांना, तर सव्वा किलो केवढ्याला. अडीचशे मीटर म्हणजे किती किलोमीटर. वेळ लावू नका, शेजारी बसू नका. यात तो दोन ठिकाणी अडखळला तर आवड लावण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. सहावी-सातवीची पुस्तकं घ्या (बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात) आणि रोज वीस मिनिटं तीच करू द्या. कुणाला सांगू नका, आत्याला तर अजिबात नको. पाया भरायला दोन महिने पुरतात, कारण चौदाव्या वर्षी सहावीचं गणित पटकन कळतं. यानंतर बऱ्याच मुलांचा "कंटाळा" आपोआप निम्म्यावर येतो. जे थोडंफार जमतं ते करावंसं वाटतं. मोठ्या माणसांचंही तेच असतं.

एवढं सगळं त्याला व्यवस्थित आलं, तर मग सायकलीबद्दल बोलू.

१९७१ मध्ये एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. कॉलेजच्या मुलांना सोमा नावाची ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या फेरीत प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले, पुढच्या फेरीत पैसे बंद केले. मधल्या सुट्टीत कुणी बघत नाही असं वाटत असताना ही मुलं काय करतात, हे त्याला पाहायचं होतं. पैसे मिळून बंद झालेल्या गटाने त्या मोकळ्या वेळात कोड्यांना कमी हात लावला. दोन वर्षांनी मार्क लेपर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर तसंच पाहिलं. ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं, अशा मुलांपैकी काहींना आधी सांगून बक्षीस दिलं, काहींना न सांगता अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. नंतर मोकळ्या वेळात कमी चित्रं काढली ती आधी सांगून बक्षीस दिलेल्या मुलांनी. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर तसा परिणाम दिसला नाही.

या प्रयोगांवर पुढे बरीच वादावादी झाली, आणि माझा अनुभवही पूर्ण एका बाजूचा नाही. मुळात कंटाळवाण्या कामाला, म्हणजे पाढे घोटणं, प्रयोगवही पूर्ण करणं, वडापावचं आमिष चालतं. त्यात बिघडायला आवडच नसते. पण जिथे गोडी लागायची शक्यता आहे तिथे पैसे-बक्षीस मध्ये आणलं की मुलगा बक्षिसाच्या बाजूने हिशोब करायला लागतो: कमीत कमी किती केलं म्हणजे ऐंशी पडतील? तुम्ही ऐंशी टक्क्यांची किंमत ठरवलीत, तो ती सगळ्यात स्वस्त मार्गाने चुकवणार. सगळ्यात स्वस्त मार्ग पाठांतर. तेव्हा यापुढे मार्कांवर बक्षीस लावू नका. कबूल केलेली सायकल मात्र ऐंशी पडले तर द्या, शब्द फिरवू नका. आणि त्याला सायकल हवीच असेल तर ती मार्कांशिवायही देता येते. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या व्हॅनपेक्षा ती बरी, रस्ता धड असेल तर.

डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे या विषयावर मोठं काम केलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस आपणहून काही करतो तेव्हा तीन गरजा भागत असतात: हे मी ठरवलं, हे मला जमतंय, आणि माझी माणसं माझ्यासोबत आहेत. "जमतंय" याबद्दल वर लिहिलं. ठाण्यातल्या माझ्या मुलांच्या बाबतीत सगळ्यात मोठा खड्डा पहिल्या गोष्टीत आहे.

तुमच्या मुलाचा एक दिवस कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक तासापुढे "कुणी ठरवलं" हे लिहा. शाळेची वेळ शाळेने. संध्याकाळचा क्लास तुम्ही आणि त्याच्या बाबांनी. कुठला धडा, तो क्लासच्या सरांनी. त्यातलं काय महत्त्वाचं, ते आयएमपी म्हणून खूण करून आलेलं. उत्तर कसं लिहायचं, ते नोट्समध्ये. घरी आल्यावर आधी गणित की आधी इतिहास, ते तुम्ही. कुठे बसायचं, तेही तुम्ही. या सगळ्यात त्याने काय ठरवलं? पेनाचा रंग. आणि मग आपण म्हणतो, हा स्वतः काही करतच नाही.

यावर माझा उपाय साधा आहे, पण आईबापांना तो सगळ्यात जड जातो. एक निर्णय त्याच्या हातात खरोखर द्या. सगळे एकदम नकोत. समजा, एक विषय. भूगोल घ्या, त्यात घरच्यांचा जीव फारसा अडकलेला नसतो. पुढच्या युनिट टेस्टपर्यंत भूगोल कधी, किती, कसा करायचा ते तो ठरवेल. तुम्ही विचारायचं नाही. आठवण करायची नाही. "मी काही म्हणत नाही पण..." असंही नाही, तेही म्हणणंच झालं. टेस्टमध्ये वीसपैकी सहा पडले तर ते सहा त्याचे. तेव्हा ओरडायचं नाही, हसायचं नाही, एवढंच विचारायचं, "पुढच्या वेळी काय वेगळं करशील?" उत्तर आलं नाही तरी चालेल. प्रश्न मात्र खराखुरा हवा, टोमणा नको. मुलांना फरक लगेच कळतो.

बहुतेक घरांत हे चौथ्या दिवशी मोडतं. मुलगा सोफ्यावर पडलेला दिसतो आणि भूगोलाचं पुस्तक दप्तरातून बाहेरच आलेलं नसतं, ते बघवत नाही. बाबा तर दुसऱ्याच दिवशी विचारतात. म्हणून आधी घरात आपापसात ठरवून घ्या. आजी-आजोबा असतील तर त्यांनाही सामील करून घ्या. एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं, यात मुलगा फक्त दोघांना चुकवायला शिकतो.

काय सोडायचं नाही, तेही सांगते. रात्री झोपायची वेळ आणि मोबाईल कुठे झोपतो, या दोन गोष्टी घराच्या हातात राहू द्या. मोबाईल काढून घेतल्याने अभ्यास होत नाही हे तुम्ही पाहिलंतच. पण रात्री साडेदहानंतर घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचेसुद्धा, हा नियम चालतो. सगळ्यांना लागू असल्यामुळे चालतो. सात तासही न झोपलेल्या मुलाकडून विचार करायची अपेक्षाच करू नका.

आता विचार करण्याकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातला हा भाग मला जास्त आवडला.

मुलं विचार करत नाहीत याचं एक कारण असं की त्यांना विचार करावा लागेल असा प्रश्न क्वचितच भेटतो. सरावसंच ३.२ मधली सगळी गणितं ३.२ च्या रीतीनेच सुटतात, हे शीर्षकावरूनच कळतं. म्हणून तीच मुलं प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रहावर, म्हणजे मिसळलेल्या गणितांवर, आली की विचारतात, "बाई, हे कुठल्या टाइपचं आहे?" टाइप सांगितला की गणित सुटतं. टाइप ओळखणं हाच खरा विचार होता, तो माझ्याकडून करून घेतला.

नववीच्या विज्ञानात पहिलंच प्रकरण गतीचे नियम. सरासरी वेग, त्वरण (म्हणजे वेग किती पटकन बदलतो ते), सगळं त्यात येतं. मी ते असं सुरू करते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीच्या परिसरातून, ठाण्याला पहिली रेल्वे आली. ३४ किलोमीटर, वाफेची इंजिनं, वेळ तासाच्या आसपास. आज सीएसएमटीहून ठाण्याची धीमी लोकल पकडा. तीही जवळपास तासच घेते. पावणेदोनशे वर्षांत आपण केलं काय मग?

एवढं विचारून मी गप्प बसते. हे गप्प बसणं महत्त्वाचं. पहिली दोन मिनिटं कुणी बोलत नाही, मग उत्तर येतं, "लोकल स्टेशनांवर थांबते." बरोबर. किती स्टेशनं? मुलं बोटांवर मोजतात, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड... करी रोड आणि परळ यांत आधी कुठलं यावर थोडं भांडण होतं. सीएसएमटी आणि ठाणं सोडून मध्ये सतरा भरतात. एका ठिकाणी किती थांबते? अर्धा मिनिट धरू. म्हणजे साडेआठ मिनिटं. साठातून साडेआठ गेले, उरले साधारण एक्कावन्न. एक्कावन्न मिनिटांत चौतीस किलोमीटर, म्हणजे ताशी चाळीस. आणि इथे वर्ग पुन्हा गप्प होतो, कारण लोकल ताशी चाळीसने चालत नाही, कितीतरी जोरात पळते, हे दारात उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. थांबण्याचा वेळ तर वजा केला. मग उरलेला वेळ गेला कुठे?

एका गटात याचं उत्तर मागच्या बाकावरच्या, फारशा न बोलणाऱ्या मुलीने दिलं. ती आधी वहीत कसला तरी भागाकार करत होती. म्हणाली, "बाई, अठरा टप्पे आहेत, म्हणजे एका टप्प्याला दोन किलोमीटरपण येत नाहीत. गाडी जोरात येईपर्यंत पुढचं स्टेशन येतं. मग लगेच ब्रेक." तिने त्वरण हा शब्द वापरला नाही. मीही तो लगेच तिच्या तोंडात घातला नाही. पुढच्या तासाला पुस्तकात त्वरणाचं सूत्र आलं तेव्हा सगळ्यांना ते कशासाठी लागतं हे आधीच माहीत होतं. एकाने मग विचारलं, १८५३ ची गाडीसुद्धा पाणी भरायला मध्ये थांबली असेल ना, मग तिचा खरा वेग किती? अशा वेळी मी घड्याळाकडे बघत नाही.

हा प्रश्न पेपरात येणार नाही. हे मी मुलांना स्पष्ट सांगते. पण त्या प्रकरणाची गणितं त्या गटाला कमी वेळात जमली, कारण सरासरी वेग म्हणजे काय हे सांगत बसावं लागलं नाही.

घरी असा प्रश्न शोधायला विज्ञान शिकलेलं असायची गरज नाही. लिफ्ट खाली येताना पोटात गोळा का येतो? माजिवड्याचा सिग्नल कुणाच्या बाजूने जास्त वेळ हिरवा असतो, आणि तो कुणी ठरवला असेल? वीजबिलात युनिट वाढले की दर का वाढतो? उत्तर तुम्हाला माहीत नसेल तर उत्तमच. माहीत असेल तर दाबून ठेवा. "गुगल कर" हे मात्र पहिल्या दहा मिनिटांत नको. आधी अंदाज बांधायचा, मग शोधायचं. अंदाज चुकला तर जे सापडतं ते लक्षात राहतं.

स्वतःचा प्रश्न सापडला की मूल काय करतं याचं एक उदाहरण सांगते, कारण ते मुलाच्या घरातूनच आलं होतं. इथल्या खाडीकाठच्या चेंदणी कोळीवाड्यातला एक मुलगा माझ्याकडे होता. गणितात कसाबसा पास. मी एकदा भरती-ओहोटीबद्दल काही बोलले तर म्हणाला, "आमचे आजोबा तिथीवरून भरती सांगतात. तिथीची पाऊणपट करायची." किनाऱ्यावर हा हिशोब पुष्कळांना माहीत असतो. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला बारा.

मी त्याला म्हटलं, बरोबर येतं का ते तपास. बस, एवढंच. त्याने पेपरात येणाऱ्या भरतीच्या वेळा आणि कॅलेंडरवरची तिथी असा तक्ता सुरू केला. काही दिवस हिशोब जमे, काही दिवस अर्धा-पाऊण तास हुके. आत खाडीत पाणी चढायला वेळ लागतो म्हणून फरक, असं आधी त्याचं उत्तर होतं. मग एक दिवस वही घेऊन आला. पौर्णिमा पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पण पौर्णिमेला भरती बारालाच, असं आजोबाच म्हणतात. म्हणजे नियम स्वतःशीच जुळत नाही. पंधरा तिथींत बारा तास सरकायचं असेल तर एका तिथीला बारा भागिले पंधरा, म्हणजे ०.८ तास, अठ्ठेचाळीस मिनिटं. आजोबा पंचेचाळीस धरतात. "बाई, ०.८ तोंडी करता येत नाही, पाऊणपट येते. म्हणून केलं असणार." आणि हे आजोबांना सांगितल्यावर ते म्हणाले, होडी काढायला अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे झाला तर काय बिघडतं.

त्याचे मार्क एकदम वाढले नाहीत. गणितात पासच्या जरा पुढे गेला, एवढंच. पण गुणोत्तर आणि अपूर्णांक त्याने त्या तक्त्यासाठी आपणहून शिकून घेतले, कारण त्याला ते हवे होते. तो कुणाच्या सांगण्यावरून बसला नाही. त्याला कुणी नोट्स दिल्या नाहीत. तुमच्या मुलाचा असा विषय कुठला हे मला इथून सांगता येणार नाही. क्रिकेटची सरासरी असेल, मोबाईलची बॅटरी असेल, नाहीतर सोसायटीतल्या टँकरचा हिशोब. उन्हाळ्यात घोडबंदरला टँकरचा हिशोब म्हणजे चांगलं मोठं गणित होतं.

रोजच्या अभ्यासासाठी मात्र एक सवय सांगते, जिच्यात पाठांतर आणि विचार यांचं भांडण बऱ्यापैकी मिटतं. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे मोजलं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते, ८१ टक्क्यांना ७५. आठवड्याने घेतली तर उलट झालं. आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. मुलं पुन्हा पुन्हा वाचतात कारण वाचताना सगळं येतंय असं वाटतं. कोरा कागद ते लगेच उघडं पाडतो. मला हे आवडतं ते आणखी एका कारणासाठी. आपल्याला काय येत नाही हे मुलाला कुणी सांगावं लागत नाही. ते त्याचं त्यालाच दिसतं आणि पुढे काय वाचायचं हे तोच ठरवतो.

संध्याकाळी तुम्ही "किती झालं?" विचारत असाल तर ते बदला. "आज कुठे अडलास?" विचारा. आणि तो सांगेल ते सोडवायला बसू नका. "मला समजाव, मला नववीचं आठवत नाही," म्हणा. समजावताना निम्म्या वेळा त्याचं तोच सोडवतो. उरलेल्या वेळी शाळेत विचारायला त्याच्याकडे एक नेमका प्रश्न तयार असतो. "सर, काहीच कळलं नाही" यापेक्षा तो कितीतरी बरा.

क्लास बंद करावा का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असेल. मी स्वतः शिकवणी घेते, तेव्हा माझं मत त्या हिशोबाने घ्या. त्याची क्लासची वही उघडा. सगळी वाक्यं दुसऱ्याची, एकही खाडाखोड नाही, एकही प्रश्नचिन्ह नाही, असं असेल तर तिथे तो लेखनिक म्हणून जातोय. फाउंडेशनच्या, म्हणजे पुढच्या प्रवेश परीक्षांची तयारी आधीच सुरू करणाऱ्या, क्लासला घातलं असेल तर तो तिथे जायला तयार होता का, हे त्याला आता तरी विचारा. नको म्हणाला तर कारण ऐका. दोन-अडीच तास जाण्या-येण्यात जात असतील तर तेवढा वेळ घरी मिळाला तरी नववीत पुष्कळ होतो. पण घरी दिवसभर कुणी नसेल, किंवा शाळेत एखादा विषय शिकवलाच जात नसेल, तर क्लास लागतो. यात सगळ्यांना एक नियम लावता येत नाही.

मित्रांकडे दुर्लक्ष करू नका. या वयात आईच्या शब्दापेक्षा बाकावरच्या मित्राचं वजन जास्त. आठवड्यातून एकदा एखाद्या मित्राला घरी बोलावून दोघांनी एकमेकांना एक-एक धडा शिकवायचा, एवढं जमवता आलं तर बघा. पोहे करा आणि खोलीत जाऊ नका. निम्मा वेळ गप्पा होतील. होऊ द्या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर नंतर मला दोष द्याल. हे सगळं सुरू केल्यावर पहिल्या चाचणीत मार्क कमी पडू शकतात. पाठांतर कमी झालेलं असतं आणि विचार अजून हाताशी आलेला नसतो. एका चाचणीला दम धरा. दुसऱ्यातही तसंच झालं तर कुठे अडतंय ते पेपर समोर ठेवून बघा. आणि हे वाचणाऱ्या कुणाचा मुलगा दहावीत असेल, दिवाळी उलटून गेली असेल, तर यातलं बरंचसं मार्चनंतरसाठी ठेवा. तोवर जुन्या प्रश्नपत्रिका, वेळ लावून लिहिणं आणि कोरा कागद. तीन महिन्यांपुरता धाकही चालतो, नाही म्हणत नाही. वर्षानुवर्षं चालत नाही, एवढंच.

शेवटी एक वेगळी शक्यता. तो वाचताना ओळ चुकवत असेल, ब-व किंवा बी-डी मध्ये अजून गोंधळत असेल, तोंडी सगळं सांगतो पण लिहिताना चुकतं असं असेल, तर वर लिहिलेल्या कशानेच फारसा फरक पडणार नाही. आधी डोळे तपासा. त्यातून काही निघालं नाही तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. पण तपासणीच्या तारखा मिळायला आणि कागदपत्रं व्हायला वेळ जातो. दहावीचे फॉर्म भरायच्या दिवसांत धावपळ करण्यापेक्षा नववीतच शाळेतल्या समुपदेशकांशी किंवा वर्गशिक्षकांशी बोलून घ्या. आणि खेळसुद्धा सोडलाय, जेवणावर लक्ष नाही, खोलीचं दार सतत बंद, असं काही दिसत असेल तर अभ्यासाचा विषय सध्या बंद करून डॉक्टरांना भेटा. त्या पाच गणितांत कुठे अडला ते मात्र इथे नक्की लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.